बऱ्याच वर्षांनी ख्रिस्ती श्रद्धेकडे परतल्यावर मनाला खरोखर शांती मिळते का?

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा दिसला: आपण ख्रिस्ती घरात वाढलात, बाप्तिस्मा लहानपणीच झाला, पुढे शिक्षण आणि नोकरीच्या धबडग्यात उपासना सुटली, आणि आता मन सतत बेचैन असते, रात्री झोप लागत नाही. परत गेल्यास शांती मिळेल का, की हे केवळ भीतीपोटी देवाकडे वळणे ठरेल, असे आपण विचारले आहे. मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, लोक काय म्हणतील आणि पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का, ही शंकाही आपण शेवटी मांडली आहे. माझे उत्तर ‘हो, मिळते’ असे आहे. मात्र मी जिला शांती समजत होते ती मला मिळाली नाही, आणि जी मिळाली ती मागायची असते हे मला ठाऊक नव्हते.

भीतीचा मुद्दा आधी घेते, कारण पुष्कळ माणसे याच उंबरठ्यावर अडून बसतात. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील, वाट्याची मिळकत उधळून बापाकडे परतणारा धाकटा मुलगा आपल्याला आठवत असेलच. त्याच्या परतण्याला पश्चात्तापाचा नमुना मानून प्रवचने होतात, परंतु मूळ कथा नीट वाचली तर तो परततो तो भुकेपोटी. बापाच्या घरी मजुरांनासुद्धा पोटभर भाकर मिळते आणि मी येथे उपाशी मरतो आहे, असा त्याचा सरळ हिशेब आहे. बापाला काय सांगायचे त्याची वाक्ये तो वाटेत जुळवून ठेवतो, आणि बाप ती पुरती ऐकूनही घेत नाही. त्यामुळे आपला हेतू शुद्ध आहे की नाही याची तपासणी करत आणखी वर्षे घालवू नयेत, असे मला मनापासून वाटते. झोप लागत नाही म्हणून कोणी चर्चमध्ये येऊन बसला, तर ते कारण भुकेपेक्षा हलके नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या एका खेड्यात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरचे वावर दीर पाहतात. कापूस, तूर आणि थोडे सोयाबीन असते. माझे आजोबा मिशनच्या बोर्डिंगात शिकले होते. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था १९८३ मध्ये पुण्याला गेली. त्याआधी तेथील तरुण विद्यार्थी आमच्याकडे उपासना घेण्यास येत आणि आमच्या आईच्या हातची ज्वारीची भाकर खात, एवढे मला अंधूक आठवते. लग्नानंतर मी ज्या गावी नोकरीला होते तेथे जवळपास चर्च नव्हते, आणि उपासना भांडण न होता, कोणताही निर्णय न घेता, आपोआप सुटली. आपणही हेच लिहिले आहे. माझ्या बाबतीत राग नंतर आला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमची पऱ्हाटी पोखरली. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातील कास्तकार आणि मजूर दगावले, आणि गावोगावी एक प्रकारची दहशत बसली. पुढे माझे यजमान आजारपणात गेले. त्यानंतर देव आहे की नाही हा प्रश्न मला पडला नाही; तो असला तरी त्याच्याशी बोलायचे नाही, असे मी ठरवून टाकले होते.

मी परत गेले ती कापणीच्या सणाच्या निमित्ताने. ज्यांनी हा सण पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते की, त्या रविवारी मंडळीतील लोक आपापल्या पिकातले काही ना काही वेदीपुढे आणून ठेवतात: पायलीभर तूर, कापसाचे बोचके, भोपळा, अंडी, क्वचित एखादी कोंबडी. उपासनेनंतर अंगणात या वस्तूंचा लिलाव होतो, आणि दहा रुपयांच्या भोपळ्याला दोनशे रुपये मिळतात, कारण बोली लावणाऱ्याला भोपळा नको असतो. मंडळीतील एका वयस्क बाईंनी निरोप पाठवला होता की, तू येऊ नकोस वाटल्यास, पण तुझ्या वावरातली तूर येऊ दे. या निरोपात मला कोणी समजावत नव्हते, कोणी बोलावतही नव्हते. तूर दिराच्या हाती पाठवता आली असती. मी स्वतः घेऊन गेले आणि मागच्या बाकावर बसले.

तेथे काही चमत्कार घडला नाही, अश्रूही आले नाहीत. गीत सुरू झाले तेव्हा ओळी तोंडातून आपोआप येऊ लागल्या आणि मन मात्र बाजूला उभे राहून पाहत होते, एवढेच. श्रद्धा आधी मनात पक्की व्हावी आणि मग शरीराने चर्चमध्ये जावे, असा आपला समज असतो. माझा अनुभव याच्या उलट आहे, आणि आपल्याला विश्वास वाटत नसतानाही उपासनेला बसण्यात ढोंग आहे असे मी मानत नाही. उपासनेतील शब्द माझे नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या इतरांनी म्हटलेले होते, म्हणूनच ते मला उच्चारता आले. स्वतःचे शब्द त्या दिवसांत माझ्याकडे नव्हतेच.

खरा आधार मला बायबलमधील स्तोत्रसंहितेने दिला, आणि तोही अनपेक्षित बाजूने. लहानपणी आम्हांला तेविसावे स्तोत्र पाठ करून घेतले होते, त्यामुळे सगळीच स्तोत्रे हिरव्या कुरणांची आणि संथ पाण्याची असावीत असे मला वाटत असे. प्रत्यक्षात दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे ही सरळसरळ गाऱ्हाणी आहेत. तेरावे स्तोत्र देवाला ‘कोठवर?’ असे पुन्हा पुन्हा विचारते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. शेवटी दिलासा देणारी एकही ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत वाचले जाते. देवाशी बोलायचे नाही असे ठरवलेल्या माझ्यासारखीला हे कळणे फार मोठे होते की, भांडणे हीसुद्धा येथे प्रार्थनाच मानली गेली आहे. आपल्याला पुन्हा सुरुवात करायची असेल तर मी आग्रहाने हीच दोन स्तोत्रे सुचवीन. आभाराची गीते मागाहून येतात, आणि ती जबरदस्तीने म्हणू नयेत.

दुसरी गोष्ट मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या, प्रार्थनेची. आमच्या छोट्या मंडळीत पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रार्थनेआधी विचारतात की कोणाचे काही आहे काय, आणि मग लोक उठून सांगतात: नातवाची परीक्षा, सेवाग्रामला भरती असलेला भाऊ, उघडीप न देणारा पाऊस, सोसायटीचे कर्ज, सासरी त्रास होत असलेली लेक. मी कित्येक रविवार काही बोलले नाही. एकदा बोलले तेव्हा माझी काळजी त्या यादीत कोणाच्या तरी बैलाच्या दुखण्यानंतर आली आणि पाळकांनी त्याच आवाजात, त्याच क्रमाने ती देवापुढे ठेवली. माझे दुःख सगळ्यांहून वेगळे आहे ही माझी खात्री तेथे ढासळली, आणि नवल असे की त्यामुळे अपमान न वाटता हायसे वाटले. घरी एकटीने केलेल्या प्रार्थनेत हे झाले नसते. म्हणून जे लोक म्हणतात की देव मनात असला म्हणजे झाले, चर्चची गरज नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण आपण शांतीविषयी विचारत असाल तर मंडळीशिवाय ती मला मिळाली नसती, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता त्या शांतीचे स्वरूप काय, याकडे येते. एकशे एकतिसावे स्तोत्र अवघ्या तीन वचनांचे आहे. त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की, मोठाल्या आणि आपल्या आटोक्याबाहेरच्या गोष्टींत मी पडत नाही, आणि माझा जीव आईजवळ असलेल्या, दूध तुटलेल्या बालकासारखा शांत झाला आहे. पाजते मूल आईजवळ दुधासाठी येते आणि ते मिळेपर्यंत रडते. दूध तुटलेले मूल नुसते जवळ बसते. माझ्या बाबतीत हेच हळूहळू घडले. कर्ज फिटावे, झोप यावी, मुलाला नोकरी लागावी या मागण्या मी आजही करते, फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तसे करण्यास सांगितलेलेच आहे; परंतु त्या पूर्ण झाल्या तरच तेथे बसेन, ही अट गळून पडली. ते पत्र प्रेषित पौलाने बंदिवासातून लिहिले होते, आणि ‘माझी शांती तुम्हांला देतो’ हे येशूचे शब्द अटकेच्या आदल्या काही तासांतले आहेत. त्याच रात्री गेथशेमाने बागेत त्याचा स्वतःचा जीव मरणप्राय व्याकूळ झाला होता. त्यामुळे श्रद्धावंताच्या मनात खळबळ नसते, असे जो सांगेल त्याने शुभवर्तमान शेवटपर्यंत वाचलेले नाही, असे मी समजते.

हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्रही येथे आठवण्याजोगे आहे, कारण त्याचा एक धागा आमच्या विदर्भातून जातो. ते काही काळ नागपुरात होते, आणि राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर घरात शांती नांदण्याऐवजी ताटातूट झाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. टिळकांची पदे आजही आमच्या उपासनेत पेटी-ढोलकीवर गायली जातात. ती गोड वाटतात, पण ती लिहिणाऱ्याचे बाहेरचे आयुष्य स्वस्थ नव्हते, हे विसरता कामा नये.

झोपेबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. पहिले राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो झोपलेला असतो, त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि देवाचे बोलणे त्यानंतर कितीतरी दिवसांनी होरेब डोंगरावर होते. आपली झोप दीर्घकाळ उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नको वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. मी स्वतः यवतमाळला जाऊन काही महिने औषध घेतले आणि त्याच काळात उपासनेलाही जात होते. दोन्हींत विरोध मला दिसला नाही. औषध बंद करा, नुसता विश्वास ठेवा, असे सांगणारा कोणी भेटला, किंवा अमुक देणगी दिल्यास अमुक आशीर्वाद मिळेल असे कोणी म्हणाला, तर त्या सभेतून उठून यावे. असे लोक आहेत, आणि खचलेली माणसे त्यांना लांबूनच ओळखू येतात.

लोक काय म्हणतील याचे उत्तर थोडक्यात देते: पहिल्या रविवारी दोन-तीन जण इतके दिवस कोठे होता असे विचारतील, तिसऱ्या रविवारी सतरंज्या घालायला सांगतील. पुन्हा बाप्तिस्म्याची गरज बहुतेक जुन्या मंडळ्यांत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी आमच्या नागपुरातच स्थापन झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा मानणाऱ्या आणि प्रौढपणीचा बाप्तिस्मा मानणाऱ्या अशा दोन्ही परंपरा तिच्यात एकत्र आल्या, आणि दोन्ही पद्धती तेथे ग्राह्य धरल्या जातात. आपण कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदन करून पुन्हा मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, बसता येते. काही स्वतंत्र मंडळ्या पुन्हा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेण्याचा आग्रह धरतात. तो निर्णय मन थकलेले असताना घाईने घेऊ नये.

खेड्यातल्या मंडळीत पाळक दर रविवारी येतीलच असे नाही, कारण एकेका पाळकाकडे चार-पाच गावे असतात. ते नसतील तेव्हा मंडळीतील वडीलधारी व्यक्ती उपासना चालवते. म्हणून जाण्याआधी तालुक्याच्या चर्चमध्ये फोन करून वेळ विचारून घ्या. नाताळाची वाट पाहू नका, त्या दिवशी गर्दीत कोणाशी बोलणे होत नाही. एखादा साधा रविवार किंवा आठवड्यातली घरची प्रार्थनासभा बरी. आमच्याकडे ती संध्याकाळी वावरातून लोक परतल्यावर, साडेसातच्या सुमारास सुरू होते.