यादी परत पाठवतो आहे

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या कार्यक्रमाची यादी मिळाली. युद्ध, स्थलांतर, हुकूमशाही, स्त्री, वंशभेद, पाणी; सहा आठवडे, सहा देश, सहा गाणी. कॉलेजच्या रेडिओवर हे निर्धास्त खपेल आणि कुणी तक्रारही करणार नाही. तरी मी ती बऱ्याच खाडाखोडीसह परत पाठवतो आहे.

तू शब्द वाचून गाणी निवडलीस, हे लगेच कळतं. इंग्रजी भाषांतरात जे जास्त चिडलेलं किंवा जास्त हळवं, ते वर. अगं, पण कार्यक्रमाच्या नावात तू ‘स्वतंत्र संगीत’ लिहिलं आहेस ना? मग ते कुणापासून स्वतंत्र, हे शब्दांत कसं सापडेल? त्यासाठी टेपच्या आणि पैशाच्या मागे जायला हवं. ध्वनिमुद्रण कुठे झालं, खर्च कुणी उचलला, मास्टर टेप, म्हणजे मूळ मुद्रण, कुणाच्या ताब्यात होती, प्रती कोण काढायचं, आणि प्रत घरात सापडली तर काय व्हायचं. प्रत्येक भागासाठी आधी एवढं शोध. विषयाचं लेबल नंतर लावता येईल, कदाचित लावावंही लागणार नाही.

‘स्थलांतर’खाली तू तिनारिवेन हा मालीतल्या तुआरेग लोकांचा गिटार-बँड घेतला आहेस, आणि निवेदनात ‘वाळवंटाचे ग्रॅमीविजेते सूर’ असं काहीसं लिहिलं आहेस. ग्रॅमी त्यांना मिळालं हे खरं, २०१२ साली. पण गोष्ट सुरू होते १९६३ मध्ये, मालीच्या उत्तरेला किदालच्या भागात. स्वतंत्र झालेल्या मालीने सहारातल्या भटक्या तुआरेग लोकांचा उठाव चिरडला, त्यात इब्राहिम अग अलहबीब या चार वर्षांच्या पोराच्या, म्हणजे पुढे हा बँड काढणाऱ्याच्या, बापाला मारलं. पुढे सत्तरच्या दशकातल्या दुष्काळाने जनावरं मेली आणि जनावरांवर जगणाऱ्यांची एक अख्खी पिढी अल्जीरिया-लिबियात मजुरीला गेली. इब्राहिमने पहिली गिटार डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांची केली. १९७९च्या सुमारास अल्जीरियातल्या तामानरासेतमध्ये ही मंडळी एकत्र वाजवू लागली. नंतर लिबियाच्या गद्दाफीच्या लष्करी छावण्यांत गेली; लढाईचं शिक्षण घेता घेता गाणी होत राहिली.

आता टेपकडे ये. जो कोणी कोरी कॅसेट घेऊन येईल त्याला ते गाणी फुकट भरून द्यायचे. त्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा ती गाणी सहारा ओलांडून परत मालीत पोचली. मालीत ती जवळ बाळगणं धोक्याचं होतं. दुकान नाही, कंपनी नाही, पोस्टर नाही. प्रतीची प्रत निघताना आवाज खरखरीत होत जातो, तरी ऐकणारा ती जपून ठेवतो, कारण आपल्या माणसांची खबर तिच्यातच आहे. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे वापर. आणि हे तर तुझ्या कामाचं आहे: त्यांचा बाहेरच्या जगात पोचलेला पहिला अल्बम २००१ साली निघाला, तो किदालच्या तिसदास नावाच्या तमाशेक या तुआरेगांच्या भाषेतल्या छोट्या रेडिओ केंद्रात मुद्रित झालेला. वीज असेल तेवढ्याच वेळात काम उरकायचं. तुझ्या स्टुडिओतल्या एसीबद्दल तू मागच्या पत्रात केलेली तक्रार मी विसरलेलो नाही.

पण त्यांना देव्हाऱ्यात बसवू नकोस. ती गाणी शस्त्र उचलायला सांगणारी होती, आणि त्यांतले काही जण १९९०च्या उठावात खरोखर लढले. त्या उठावाचा नेता होता इयाद अग घाली. तोच २०१२ मध्ये अन्सार दीन या जिहादी गटाचा म्होरक्या होऊन परत आला; त्या वर्षी जिहादी गटांनी उत्तर माली घेतला आणि संगीतावर बंदी घातली. वाद्यं जाळली. तिनारिवेनमधला एक जण तर पुढे आपल्या गिटारी वाचवायला गेला आणि जिहादींच्या हाती सापडला, नंतर सुटला. ग्रॅमी आणि बंदी एकाच वर्षातल्या, हे निवेदनात यायलाच हवं. त्याच धामधुमीत उत्तरेतून पळून राजधानी बामाकोत आलेल्या तरुणांनी सोंगाय ब्लूज हा बँड काढला. ते तुआरेग नाहीत, बहुतेक सोंगाय या उत्तरेतल्याच दुसऱ्या समाजाचे आहेत, आणि उत्तरेचं दुखणं ते वेगळं सांगतात. दोघांना शेजारी ठेव.

‘वंशभेद’ हा वेगळा भागही मी म्हणूनच कापला आहे. तो इथेच आहे. तुआरेग समाजात पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राहिलेला काळा वर्ग आहे, त्यांना इक्लान किंवा बेल्ला म्हणतात. राज्याने नाडलेल्या लोकांनीही कुणाला तरी नाडलेलं असतं, हे महाराष्ट्रात वाढलेल्या मुलीला समजावून सांगायची गरज नाही.

चिलेच्या भागात डाव्या विचारांचा गायक व्हिक्टर हारा असणार हे उघड होतं. ११ सप्टेंबर १९७३ला लष्कराने सत्ता घेतली, काही दिवसांत त्याला सँतियागोच्या बंदिस्त स्टेडियममध्ये छळ करून मारलं; अंगात चाळीसहून जास्त गोळ्या. त्या स्टेडियमला २००३ पासून त्याचंच नाव आहे. माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षांवर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं ते २०२३ मध्ये. पन्नास वर्षं. हे सगळं सांग, पण याच्यावरच थांबलीस तर तो हुतात्म्याचा फोटो होईल. दिकाप हे नाव शोध. कम्युनिस्ट युवक संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस काढलेलं हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी. बड्या कंपन्या हात लावणार नाहीत असे रेकॉर्ड त्यांनी काढले आणि ते खपले. सत्तापालटानंतर त्यांची कचेरी आणि टेपा उद्ध्वस्त झाल्या, तरी लेबल परदेशातून चालू राहिलं. हाराच्या टेपा त्याची बायको जोन हिने देशाबाहेर नेल्या, म्हणून आज आपण त्याला ऐकतो.

मला स्वतःला याहून जास्त भावते ती आत राहिलेल्यांची गोष्ट. केना ही बासरी आणि चारांगो हे छोटं तंतुवाद्य, दोन्ही हाराच्या पिढीच्या गाण्यांशी इतकी जोडलेली की त्यांचा नुसता आवाजही संशयास्पद ठरला होता. १९७४ मध्ये बार्रोको आंदिनो नावाच्या गटाने त्याच वाद्यांवर बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवायला सुरुवात केली, चर्चमध्ये. आता बाखला कोण अडवणार? ऐकणाऱ्यांना मात्र बरोबर कळत होतं. एक शब्द नाही. तुझ्या निवडीच्या पद्धतीत हे गाणं कधीच आलं नसतं, कारण भाषांतर करायला त्यात काहीच नाही. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, रिकार्दो गार्सियाने देशातच राहून आलेर्से हे लेबल काढलं आणि नव्या गायकांना जागा दिली. त्यांना आडवळणाने लिहावं लागे. या भागाचा निम्मा वेळ या दोघांना दे. हारा लोकांना माहीत असतो.

‘स्त्री’खाली नायजेरियाच्या फेला कुटीचं ‘लेडी’? नाव बघून घेतलंस का? ते १९७२ चं गाणं बरोबरीचा हक्क मागणाऱ्या शिकलेल्या आफ्रिकी बायकांची टिंगल आहे. वाजवायचंच तर तसं सांगून वाजव. आणि भाग खरं तर त्याच्या आईवर कर. फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी चाळीसच्या दशकात आबेओकुटा शहराच्या बाजारातल्या बायकांना संघटित करून त्यांच्यावरच्या कराविरुद्ध उभं केलं. तिथल्या राजाला १९४९ मध्ये गादी सोडावी लागली. १८ फेब्रुवारी १९७७ला सुमारे हजार सैनिकांनी लागोसमधल्या फेलाच्या घरावर हल्ला केला, घर जाळलं, सत्तरीतल्या फुनमिलायोंना वरच्या खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. चौकशीत हे कुणा ‘अज्ञात सैनिका’ने केलं असं ठरलं. फेलाची गाणी दहा-दहा, वीस-वीस मिनिटांची असतात, कापू नकोस. एक गाणं आणि आई, एवढ्यात भाग भरतो.

‘पाणी’ काढून टाक. गाणं छान आहे, पण त्याच्याविषयी सांगण्यासारखं तुझ्याकडे काही नाही.

रिकाम्या झालेल्या जागी आपल्याकडचं घे. चौदा एप्रिलला नव्हे, इतर दिवशी जा. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी आधी वहीत उतरली, गायन पार्ट्यांनी गावोगाव म्हटली, मग कॅसेटवर आली, आणि चैत्यभूमी-दीक्षाभूमीच्या बाहेर पुस्तकांच्या शेजारी मांडून विकली गेली. ज्या घरी त्या कॅसेट आहेत तिथे बस, वरचं वेष्टन वाच, खाली छापलेला पत्ता वाच. तुला किदाल समजायला त्याने मदत होईल, आणि उलटही.

आता पैशाचं. यूट्यूबवरून उतरवून वाजवणं बंद कर. स्पॉटिफायवर २०२४ पासून, वर्षात हजारपेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला एक पैसाही मिळत नाही, आणि तू शोधशील त्यांतली बरीच गाणी त्याच रांगेत असतील. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर विकत घे; ते लोक दहा-पंधरा टक्के स्वतःकडे ठेवतात, बाकी बरंचसं गाणाऱ्याला किंवा त्याच्या लेबलला जातं. विकत घेतलं म्हणजे वाजवायचा हक्क मिळाला असं होत नाही, त्यासाठी परवानगी वेगळी. लेबलला दोन ओळींचं पत्र लिही: कोण आहेस, कुठे वाजवणार, किती लोक ऐकतात. आकडा फुगवू नकोस, दोनशे असतील तर दोनशे लिही. छोट्या लेबलांची माणसं बहुधा स्वतःच पत्रं वाचतात, पण दौऱ्यावर असली तर उत्तराला महिना लागतो. म्हणून पत्रं आज टाक आणि संहिता नंतर लिही. पहिला भाग किदालचा ठेव. तो आला की मला पाठव, वाजवण्याआधी.