दोरावर वजन टाक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज सकाळी गोठ्यात ऐकला. साडेसहा मिनिटांचा. म्हशीनंही ऐकला. पहिली चार मिनिटं तू रविवारच्या रॅपलिंगबद्दल, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याबद्दल, बोलतोस आणि उरलेली अडीच घराबद्दल. मला ती एकच गोष्ट वाटली, म्हणून लिहायला बसलो. फोनवर सांगितलं असतं, पण बोलताना मी तापतो. लिहितानाही तापेनच, फक्त मध्ये चहाला उठता येतं.

तू म्हणतोस, "नाना, एकोणीस महिने फिरलो, कुठंच परकं वाटलं नाही. चाळीसगावात आईच्या हातचं जेवताना परकं वाटतं. कड्यावर लटकलो तेवढी दहा मिनिटंच काय ती बरी गेली. मी परत जाऊ का?"

'होईल सगळं नीट' असलं मी लिहिणार नाही. तू काही लहान नाहीस.

आधी रविवारचं बोलू. तुला आठवतं ते एवढंच, की पाय घसरला आणि गुडघे फुटले. मी वर अँकरपाशी, दोर बांधतात तिथं होतो, मी सगळं पाहिलंय. कडा जेमतेम पासष्ट फुटांचा. (गावाचं नाव लिहीत नाही. हे पत्र तू चार जणांना दाखवणार, मग पुढच्या रविवारी रील काढणारे तिथं हजर.) एक स्लिंग, म्हणजे दोर अडकवायचा पट्टा, अंजनाच्या झाडाला, दुसरी बैलगाडीएवढ्या धोंड्याला, दोन्ही स्वतंत्र. एक सुटली तरी दुसरी धरेल अशी. दोर साडेदहा मिलिमीटरचा स्टॅटिक, फारसा न लांबणारा, शिवाय बिलेचा, म्हणजे घसरलास तर वरून धरून ठेवायचा, दोर वेगळा. कडा म्हणजे आपला नेहमीचा काळा बसाल्ट, मध्ये तो गेरूसारखा तांबडा थर. लाव्ह्याच्या दोन थरांमधली ती भाजकी माती, नखानं उकरली तरी भुगा होतो, म्हणून तिथं आम्ही काही ठोकत नाही. हे सगळं सुरू करण्याआधी मी तुला दाखवलं होतं. तू मान डोलावलीस. स्पितीतले घाट चढून आलेला गडी, पासष्ट फुटांत काय बघणार!

दोर उलगडताना तुझा पाय दोरावर पडला, मी खेकसलो. दोरावर पाय दिला की बारीक खडे आत शिरतात आणि आतले धागे कापत राहतात, वरून काही दिसत नाही. तू पटकन वाकून दोराला हात लावलास आणि तो कपाळाला लावलास, पुस्तकाला पाय लागल्यावर लावतो तसा. तेव्हा मला तू फार आवडलास. म्हणूनच एवढं लिहितोय, नाहीतर मला काय पडलंय?

मग तू कडेला आलास आणि सगळे करतात तेच केलंस. मागे रेलायचं सोडून उकिडवा बसलास, छाती दगडाकडे, आणि वरच्या हातानं दोर असा आवळलास की बोटांची पेरं पांढरी पडली. अरे, वरच्या हाताला तिथं काही कामच नसतं! थांबवतो तो कमरेखालचा हात. कमरेच्या फिगर ऑफ एटमधून, त्या इंग्रजी आठच्या आकाराच्या कडीतून, दोर फिरला की इतकं घर्षण होतं की ७० किलोचा माणूस खालच्या मनगटावर थांबतो. आणि पाय टिकतात कधी, तर माणूस पूर्ण मागे रेलतो तेव्हा. खुर्चीत बसल्यासारखा रेललास की दोर ओढतो, पाय दगडात दाबले जातात, बूट चिकटतो. दगडाला मिठी मारलीस की बुटाला दाबच उरत नाही, तो सरकणारच. मी वरून तीनदा ओरडलो, "वजन टाक! दोरावर वजन टाक!" तू "हो हो" म्हणालास आणि दगड आणखी घट्ट धरलास.

मग सरकलास. दोन्ही गुडघे आणि डावं कोपर दगडावर. दीड-दोन फूट खाली जाऊन दोर ताणला गेला आणि तू लटकलास.

आणि तिथून पुढं काय झकास उतरलास! पाय खांद्याएवढे फाकलेले, पाठ सरळ, उजवा हात मागे. खाली पोहोचल्यावर हसत वर पाहिलंस. तुला वाटलं भीती मेली. भीतीबिती काही मेली नव्हती. सरकल्यामुळे सगळं वजन दोरावर आलं, एवढंच झालं. तू टाकलं नव्हतंस, ते आपोआप आलं. ती दहा मिनिटं तुला बरी वाटली ती कड्यामुळे नाही, दरीमुळे नाही, त्या 'अ‍ॅड्रिनलिन' का काय म्हणतोस त्यामुळेही नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा तू कशावर तरी पूर्ण वजन टाकलं होतंस, नाइलाजानं का होईना.

आता घराकडे ये. दिवाळीच्या आधी परत आलास आणि गच्चीवर तंबू ठोकलास. खोलीत गुदमरतं म्हणे. पहिला आठवडा मला गंमत वाटली. आता मार्गशीर्ष लागला, पहाटे दहिवर पडतं, आणि पोराचा तंबू अजून गच्चीवर. आई कुरडयांच्या डब्यांना ऊन द्यायला वर येते आणि तंबूच्या दोऱ्यांना अडखळते. तिनं मला सांगितलं, तुला सांगितलं नाही. ती खालून "जेवी ले रे" म्हणून हाक मारते आणि तू ताट वर घेऊन जातोस. सॅकमधले कपडे सॅकमध्येच. भावाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतोस, पण स्टुलावर, हातात फोन, 'तात्पुरता'. हे आई-बाप, ही गल्ली, हे दुकान सगळं तात्पुरतं. आणि वर तक्रार, की जीव रमत नाही.

रमेल कसा? तू दगडाला मिठी मारून उकिडवा बसलायस.

लोक प्रवासाचं पाच मिनिटंही ऐकत नाहीत, हे तुझं दुःख मला कळतं. "कितला खर्चा उना रे भो?" एवढं विचारतात आणि कापसाच्या भावाकडे वळतात. मलाही तेच झालं. मी आसामातल्या निमाती घाटावरून माजुली बेटाला जाणाऱ्या बोटीचं सांगायला लागलो की माझे वडील, आबा, म्हणायचे, "बरं, पण तिकडं पाणी पुरतं का?" मला वाटायचं, यांना ब्रह्मपुत्रा काय कळणार. आता वाटतं, जन्मभर विहिरीच्या तळाकडे पाहिलेल्या माणसानं त्या नदीबद्दल दुसरं काय विचारावं?

ते विहिरीचं सांगतोच. तुला कधी सांगितलेलं नाही, कुणालाच फारसं सांगितलेलं नाही.

१९८६ ते १९९७ मी विजेच्या टॉवर लायनीवर होतो. राजस्थान, ओडिशा, आसाम. आधी नुसता हेल्पर, मग गँगचा मुकादम. परत आलो तेव्हा लोखंडी ट्रंक खाटेखाली ढकलली ती तशीच, कुलूपबंद. हंगाम झाला की जायचंच आहे, मग उघडायची कशाला? आबा म्हणाले, विहिरीचं काम काढू. म्हटलं, पाहू. बांधावर रामफळ लावू. म्हटलं, पाहू. सहा महिने माझा तोच एक शब्द.

१९९८ च्या चैत्रात मोटार पाणी ओढेना. तळाचा फूटव्हॉल्व्ह, पाइपाच्या तोंडची झडप, गाळानं तुंबला होता. विहीर पन्नास फूट, पायऱ्या निम्म्यात ढासळलेल्या. आबा माळ्यावरून मोटेचा जुना नाडा काढून घेऊन आले. मोट बंद होऊन वीस वर्षं झालेली, नाडा जपलेला. मी पीळ उघडून पाहिला, आत पिठासारखा भुगा. तेव्हा ट्रंक उघडली आणि लायनीवरून आणलेला नायलॉनचा दोर काढला. दोर काढला आणि परत कुलूप लावलं. हे कुलूप लावलेलं मला नीट आठवतं.

मी उतरतो म्हटलं. आबा म्हणाले, "तुले आपली विहीर माहीत नाही. दोर धर, मी उतरस." मला माझी विहीर माहीत नाही! राग आला, पण खरं होतं. कडुनिंबाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन दोर मी धरला. आबांनी पाटाच्या फळीवर बसून दोन्ही पाय विहिरीच्या दगडांवर टेकवले आणि जे मागे रेलले, ते असे, की आजवर शंभर पोरं उतरवली पण तसं रेललेलं कुणी पाहिलं नाही. बासष्टीचा माणूस, धोतराचा काचा मारलेला. हार्नेस नाही, हेल्मेट नाही, असलं तू कधी करायचं नाहीस. पण मला लागलं ते वेगळंच. त्यांनी वर पाहिलंच नाही. दोर कोण धरतंय, कसा धरतंय, एकदाही मान वर केली नाही. ज्या पोरानं घरात एक पेटी उघडली नव्हती, त्याच्यावर सगळं वजन टाकून माणूस पन्नास फूट अंधारात गेला, व्हॉल्व्ह साफ केला आणि खालून नुसती शीळ घातली.

माझ्या तळहातांना दोराचे वळ उठले होते. ते आठ दिवस राहिले.

आणि तरी मी गेलो. श्रावणात. २००३ मध्ये आबा गेले तेव्हा मी दिब्रुगडजवळ साइटवर. पोहोचलो तोवर सावडणं होऊन गेलं होतं, दहाव्याला मात्र होतो.

तू म्हणशील, मग नानांना पस्तावा होतो. हो आणि नाही. गेलो ते चुकलं असं मी मेलो तरी म्हणणार नाही. विहीर खोल केली ती माझ्याच मनीऑर्डरींवर. बहिणीचं लग्न, ठिबक, या घरावरचा स्लॅब, सगळं लायनीचं आहे. भाऊबंद अजून म्हणतात, बाप विहिरीत उतरला तेव्हा हा वर होता आणि बाप गेला तेव्हा हा नव्हता. म्हणोत. त्यांच्यातल्या एकानं तरी महिन्याला शंभर रुपये पाठवले का? जाऊ दे, हे तुला सांगण्यात अर्थ नाही. मला सलतं ते जाणं नाही. घरी होतो ते दहा महिने सलतात. तेव्हा मी इथंही नव्हतो आणि तिथंही नव्हतो, उकिडवा बसलो होतो. रामफळ तरी लावायचं होतं. लावून गेलो असतो.

म्हणून 'परत जाऊ का' हा तुझा प्रश्नच मला पटत नाही. जा की. सॅक भरलेलीच आहे. पण आधी दोन महिने इथं वजन टाकून बघ, मग जा. तंबू काढ. कपडे कपाटात ठेव, आईनं तुझा कप्पा रिकामा ठेवलाय, तेही मला तिनंच सांगितलं. दुकानात स्टुलावरून उठ. आता रब्बीचं पाणी सुरू आहे, जळालेल्या मोटारी रांगेत पडल्यात, भावाला एकट्याला उरकत नाही. स्टेटरमधली जुनी तार काढायला शीक, तांबं तोल, वार्निशमध्ये हात घाल. शेतकरी तासाभरात दहादा फोन करतो, त्याच्या शिव्या खा. प्रवासाचं कुणी ऐकत नाही ना? दोन महिने दुकानात घाम गाळ, मग चहाच्या वेळी भाऊच विचारतो की नाही बघ, "मंग, तिकडे कसं रे?"

वजन टाक म्हणजे डोळे मिटून टाक, असं मी म्हणत नाही. अँकर सडका असतो, घरंही सडकी असतात. मी अशी घरं पाहिलीत जिथून पोरानं पळावं हेच बरं. पण अँकर तपासायचा कसा? लांबून बघून नाही. स्लिंग लावायची, झटका द्यायचा, एकदा, दोनदा, अंगातल्या जोरानं. हलला तर दुसरा शोधायचा. तू घराला एक झटका तरी दिलास? भांडलास का बापाशी? 'मला हे नको, ते हवं' म्हणालास का? ताट घेऊन गच्चीवर गेलास फक्त.

आणि ते तुझं 'रॅपल म्हणजे मुक्ती' वगैरे, ते मेसेजमधलं मी दोनदा ऐकलं. शब्द फ्रेंच आहे, त्याचा अर्थ परत बोलावणं. १८७६ मध्ये आल्प्समध्ये शार्ले नावाच्या वाटाड्यानं ही रीत काढली असं मानतात. दोर दुहेरी करून वर अडकवायचा, उतरायचं आणि खालून एक टोक ओढलं की सगळा दोर परत आपल्याकडे. यात परत येतो तो दोर. मुक्तीबिक्ती मला त्यात दिसली नाही. आणि दोर ओढून घेतल्यावर वर जायला वाट नसते, तेव्हा ओढण्याआधी खाली नीट टेकलोय ना ते बघायचं. तू अजून टेकलेला नाहीस.

बास. म्हैस ओरडतेय.

रविवारी सहाला ये. गुडघ्याच्या खपल्या काढू नकोस. अत्तर, डिओ काही लावू नको, वरच्या कपारीत आग्या मोहोळ बसलंय. दोर मी साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळत घातलाय. येताना शेतावरून वांगी घेतो, खाली काटक्यांवर भाजू. आईला कळण्याच्या भाकरी मागून आण, गच्चीवरून ओरडू नको, खाली जाऊन माग.

आणि एक. या वेळी तू उतरायचं नाहीस. वर अँकरपाशी बसून बिले तू द्यायचा, कसा द्यायचा ते अर्ध्या तासात शिकवतो. उतरणार मी आहे. मी वर बघणार नाही. वजन ८४ किलो आहे, आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
नाना