आधी थांबा, मग वाढा

प्रिय बेटा,

सलाम.

तुझं पत्र मिळालं. तरुण संघाची उपासना रविवारी संध्याकाळी वेगळी घ्यायची, गिटार-ड्रम्स लावून, ‘म्हणजे म्हाताऱ्यांची कटकट नको’. ड्रम्सबद्दल माझं काही म्हणणं नाही. ‘कटकट नको’बद्दल आहे.

करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, प्रेषित पौलानं लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय तुम्हाला पाठ असतो. शरीर एक, अवयव पुष्कळ; डोळ्यानं हाताला ‘तुझी गरज नाही’ म्हणायचं नाही. पण त्याच्या आधीचा अकरावा सावकाश वाच. तिथे भांडण जेवणावरून आहे. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतल्या पंगतीला, सगळे जमायचे आणि ज्यांच्याकडे असेल ते आपलं आपलं उरकून घ्यायचे. एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र! पौल एरवी किती लांबण लावतो, तुला माहीत आहे. इथे त्याचा निकाल एवढासा आहे : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. अवयवांचा तो थोर दाखला त्यानंतर येतो, आणि मला वाटतं, जो पंगतीत थांबला नाही त्याला तो कळायचाही नाही.

थांबायचं म्हणजे सगळ्यांनी सारखं व्हायचं, असं नाही. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोलणी १९२९ पासून चालली होती! त्यांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करणारे अँग्लिकन होते, तसे कळत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. कुणी कुणाला आपल्या रीतीवर ओढलं नाही; दोन्ही रीती एकाच मंडळीत राहिल्या. एका मोठ्या मेथडिस्ट मंडळीनं मात्र ऐनवेळी अंग काढून घेतलं. पुढे मालमत्तेवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. एकी झाली म्हणून माणसं सुधारतातच असं नाही, बाबा.

आणि ज्या भजनांना तू ‘रडकी’ म्हणतोस, ती कवी ना. वा. टिळकांची आहेत. टिळक ब्राह्मण घरातले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे शब्द नगरकडच्या खेड्यांत टाळ-मृदंगावर कुणी जागते ठेवले? गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं, त्या घरांतल्या बायाबापड्यांनी. अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या नसत्या तर टिळक छापील पानांत राहिले असते, आणि टिळक नसते तर त्यांच्या तोंडी ते शब्द आले नसते. कमिटीच्या निवडणुकीत अजून कोण कुठल्या वस्तीतला हे हळूच मोजलं जातं, तेव्हा मला हे हटकून आठवतं.

आता कामाचं. वेगळ्या उपासनेचा अर्ज तीन महिने बाजूला ठेव. तेवढ्यात तुमच्या गिटारवाल्याला महिला मंडळाच्या भजनाला बसव. वाजवायला नको, नुसता ठेका ऐकायला. पेटीवाल्या काकांना तुमच्या सरावाला बोलवा. ते चुका काढतील, काढू द्या. आजारी माणसांच्या घरी प्रभुभोजन घेऊन पाळक जातात, तेव्हा तुमच्यातलं एकजण पाळीपाळीनं बरोबर जाऊ दे. तिथे तुमच्या गाण्यांपैकी कुठलं चालतं, ते लगेच समजेल.

एवढं करूनही वेगळी उपासना हवीच वाटली, तर अर्ज माझ्याकडे घेऊन ये. पहिली सही माझी.

तुझी,
मावशी