कडी वाजली की डोकं फिरतं

प्रश्न: पाळकसाहेब, जय ख्रिस्त. मी परतूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. संध्याकाळी स्वयंपाक आवरून बायबल घेऊन बसलं की नेमकी कडी वाजते. कुणाला ओटीपी बघून पाहिजे, कुणाचा बँकेचा फॉर्म, शेजारची मावशी तर रोज लेकाला फोन लावून मागते. रविवारी चर्चमध्ये पोरांना शिकवायचा संडे स्कूलचा धडा तसाच राहतो. मी सगळ्यांचं करते पण तोंड वाकडं करून, आणि मग प्रार्थनेत मनच लागत नाही. हे पाप आहे का? नाही म्हणलं तर चालतं का?

उत्तर: ताई, जय ख्रिस्त. तोंड वाकडं होतं म्हणून लगेच पापाच्या खात्यात टाकू नका, माझंही होतं. एका शनिवारी मी उपदेश लिहीत बसलो होतो आणि मंडळीतले एक म्हातारे बाबा गोळ्यांची पिशवी घेऊन आले, मी मान वर न करताच म्हणलं उद्या उपासनेनंतर बघू. ते बिचारे ओट्यावर टेकले. माझ्या बायकोनं पिशवी उघडून बघितली तर शुगरची गोळी बीपीची समजून बाबा दिवसातून दोनदा घेत होते! आणि मी काय लिहीत होतो म्हणता, तर बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, याईराची मुलगी. लई लाज वाटली बघा.

तो अध्याय आता परत वाचा. येशू सरोवराकाठी लोकांत असताना सभास्थानाचा अधिकारी याईर मधेच येऊन पाया पडतो, लेक मरायला टेकलीय म्हणतो. येशू निघतो, तर वाटेत बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली, वैद्यांवर सगळा पैसा घालवून बसलेली बाई मागून त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. म्हणजे आडव्या आलेल्याला परत दुसरं कुणीतरी आडवं आलं. शिष्य वैतागले, एवढी गर्दी रेटतीय आणि विचारता काय की मला कोण शिवलं, पण येशू थांबला आणि त्या बाईचं सगळं ऐकून घेतलं. मला खरं तर याईराचंच वाईट वाटतं, त्याच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, आणि तेवढ्यात घरून निरोप, मुलगी गेली. ती पोरगी पण बाराच वर्षांची. तिला येशूनं जिवंत उठवलं, उशिरा का होईना तिच्यापर्यंत गेलाच.

आता नाही म्हणण्याबद्दल. मार्कच्याच पहिल्या अध्यायात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो, शिमोन शोधत येतो, सगळे तुम्हाला शोधतायत म्हणतो, तर येशू म्हणतो चला दुसऱ्या गावांना जाऊ. म्हणजे बोलावलं की प्रत्येक वेळी तोही गेला नाही. पण वेळ बघा, पहाटेची. तुम्ही प्रार्थना गावाच्या ऐन येण्याजाण्याच्या वेळेला ठेवलीय, ती पहाटे करून बघा.

बाकी आलेल्याला सरळ विचारा, आजच पाहिजे का? ओटीपी थोड्याच मिनिटांत मरतो, तो लगेच बघून द्या (आणि तो दुसऱ्या कुणाला सांगू नका हेही बजावून सांगा), फॉर्मची तारीख पुढं असेल तर गुरुवारी या म्हणा आणि गुरुवारी खरंच बसा. मावशीच्या लेकाचा नंबर फोटो लावून पहिल्याच स्क्रीनवर टाकून द्या. तरी ती येणारच म्हणा, तिला बोलायला माणूस लागतं. मग धड्याची वही मिटू नका, तिलाच तो धडा सांगून बघा, पोरांना कुठं कंटाळा येईल ते तिच्या तोंडाकडं बघून कळतं.