एनएलआर ५.७ आला म्हणजे आजार गंभीर होणार का?

वडिलांना फ्लूसारखा ताप-खोकला आहे, सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट १४ टक्के, न्यूट्रोफिल ८० टक्के आलेत आणि न्यूट्रोफिलना लिम्फोसाइटनं भागून येणारा एनएलआर ५.७ निघाला, म्हणून तुम्ही घाबरलात. एवढ्या एका आकड्यावर निकाल लावू नका. पण तो सोडून देण्यासारखाही नाही.

आधी टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्यक्ष संख्या काढा. एकूण पांढऱ्या पेशी ५२०० असतील तर १४ टक्के म्हणजे ७२८. प्रौढांमध्ये साधारण १००० च्या खाली गेल्या की लिम्फोसाइट कमी झाल्या असं धरतात. टक्केवारी उलटही फसवते: एकूण ३२०० आणि लिम्फोसाइट २८ टक्के असल्या तर तो टक्का नॉर्मल दिसतो, पेशी मात्र ८९६च असतात. एनएलआर निरोगी प्रौढांत बहुधा १ ते ३ असतो. कोविडमध्ये तो जास्त असलेल्या रुग्णांचा आजार गंभीर होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पण धोक्याची रेषा प्रत्येक अभ्यासात वेगळी निघाली.

सगळ्यात मोठी गफलत स्टेरॉइडमुळे होते. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन घेतल्यावर काही तासांतच रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेल्या न्यूट्रोफिल प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाहेर पडतात. आजार आहे तिथेच असतो, एनएलआर मात्र उडी मारतो. तेव्हा रक्त औषधाआधी घेतलं की नंतर, हे पहिल्यांदा विचारा. जोडीला जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तरी न्यूट्रोफिल वाढतात. लहान मुलांना तर हे निकष लावूच नका. पहिली चार-पाच वर्षं त्यांच्यात लिम्फोसाइटच जास्त असतात.

याच सीबीसीत प्लेटलेट अचानक कमी आल्या तर लॅबला सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघायला सांगा. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेल्या नळीत काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन त्या कमी मोजतं.

कोविडच्या रुग्णाच्या मृत्यूचा धोका मोजण्यासाठी बनवलेल्या ४सी मॉर्टॅलिटी स्कोअरमध्ये वय, लिंग, जुने आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्धीची पातळी, युरिया आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) हे आठ घटक आहेत. रक्तपेशींची संख्या त्यात नाही, आणि माझ्या मते हे पुरेसं बोलकं आहे. एरवी फुप्फुसं चांगली असलेल्या माणसाचा ऑक्सिजन ९४ च्या खाली राहत असेल, श्वास मिनिटाला २५ च्या वर जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर एनएलआर २ असला तरी दवाखाना गाठा. हे काही नसेल आणि डॉक्टरांनाही पटत असेल, तर ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये सीबीसी पुन्हा करा. ७२८ च्या ११०० झाल्या तर दिशा चांगली. ५०० झाल्या तर त्याच दिवशी दाखवा.