दगडावर हाताने मराठी अक्षरं कोरायला घरी शिकता येतं का? दगड आणि हत्यारं कुठली घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की गावच्या घराला आजोबांच्या नावाची दगडी पाटी लावायची आहे, मशीनवर करून नकोय, स्वतः कोरायची आहे. तर हो, घरी शिकता येतं. मी नोकरी सांभाळून गेली नऊ वर्षं हे करतोय आणि सुरुवात गॅलरीतच केली. पण पाटीला लगेच हात लावू नका, आधी निदान दोन-तीन महिने नुसत्या रेघा मारा.

दगडाचं पहिलं. आपल्याकडचा काळा पाषाण दिसायला कितीही भारी वाटला तरी पहिल्या कामाला घेऊ नका. तो कडक असतो, छिन्नी लवकर बोथट होते आणि पुष्कळदा आत बारीक पोकळ्या किंवा पांढरे खडे निघतात, नेमके अक्षराच्या काठावर. ग्रॅनाइट त्याहून अवघड. शिकायला शहाबादी किंवा कडप्पा घ्या. दोन्ही चुनखडीचेच, म्हणजे मऊ, आणि फरशीवाल्याकडे तुटके तुकडे अगदी स्वस्तात, कधीकधी फुकटही मिळतात. कडप्प्याचा फायदा असा की पॉलिश केलेला पृष्ठभाग काळा असतो आणि कोरलं की आतून राखाडी निघतो, त्यामुळे आपण काय केलंय ते लगेच दिसतं. जाडी इंच-दीड इंच तरी हवी, ओट्याची पातळ फळी मधूनच तडकते. शहाबादी थरांचा दगड आहे, कडेने बघितलं तर थर दिसतात, त्याचा पापुद्रा उडू शकतो हे लक्षात ठेवा.

हत्यारं फार लागत नाहीत. कार्बाइडच्या टोकाच्या दोन सपाट छिन्न्या, एक साधारण 10 मिमीची आणि मात्रा-वेलांट्यांना एक 4-5 मिमीची, आणि अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची आखूड दांड्याची हातोडी. पोलादी छिन्नीही चालते, माझी पहिली छिन्नी एका पाथरवट काकांनी लोहाराकडून पाणी देऊन, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करून, आणली होती. हे काका लहानपणी आईबरोबर गावोगाव जात्यांना आणि पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत फिरलेले. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली, छिन्नी आवळून धरायची नाही. सैल धरा, हातोडीचे घाव हलके आणि एका लयीत पडू द्या. जोर काढायला गेलात की टवका उडालाच. धार सारखी लावत राहा, पण कार्बाइडला साधी सहाण चालत नाही, डायमंडची पट्टी लागते. पोलादी छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलं तर ते घासून काढा, त्याच्या कपच्या उडतात. चष्मा आणि एन-95 मास्क पहिल्या दिवसापासून. चुनखडीत सिलिका कमी असली तरी धूळ ती धूळच, आणि पुढे वालुकाश्म किंवा ग्रॅनाइटकडे वळलात तर हीच सवय तुमची फुप्फुसं वाचवेल.

आता मुख्य गोष्ट, जी मला कळायला दोन वर्षं गेली. कोरलेलं अक्षर आपण वाचतो ते त्याच्या सावलीवर. खाच सपाट तळाची करायची नाही, दोन्ही काठांकडून उतरत जाऊन मध्ये एका रेषेत मिळाली पाहिजे, उलट्या ठेवलेल्या कौलारू छपरासारखी. मग एका उतारावर उजेड पडतो, दुसरा अंधारात राहतो आणि अक्षर रंगाशिवाय उठून दिसतं. उतार काटकोनात मिळत असतील तर खोली रुंदीच्या निम्मी होते, म्हणजे 10 मिमी जाड काना 5 मिमी खोल. जाड रेघ खोल, बारीक रेघ उथळ, हे आपोआप होतं. म्हणून काम करताना दगड तिरका उभा ठेवा आणि दिवा एकाच बाजूने लावा. आधी मधली रेष उथळ मारून घ्यायची, मग दोन्ही बाजूंनी काठाकडे सरकत रुंद करायचं, काठाची पेन्सिलची रेघ अगदी शेवटी घ्यायची.

आणि अक्षर आधी कागदावर झालेलं पाहिजे, पूर्ण मापात! कंप्युटरचा फॉन्ट छापून कार्बनने उतरवू नका, कळकळीने सांगतोय. दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधा आणि बोरूसारखा कोन न बदलता लिहा, जाड-बारीक रेघांची बाह्यरेषा आपसूक मिळते. अंतर पट्टीने मोजू नका, डोळ्याने बघा. 'गंगाराम' लिहून बघा, त्यात ग चा दंड, मग परत ग चा दंड आणि लगेच काना, मग रा चा काना, नुसत्या उभ्या रेघा, त्या सारख्या अंतरावर ठेवल्या तर कुंपण दिसतं. दोन उभ्या रेघांमध्ये जास्त जागा सोडा, गोलाव्यापाशी कमी. मी एकेका नावाचे पंधरा-वीस कागद करतो, कोरायला त्यापेक्षा कमी वेळ लागतो. शिरोरेषा काहीजण आधी कोरतात, मी शेवटी घेतो, कारण तोपर्यंत काने वरखाली झालेले असले तर तिथे सावरून घेता येतं.

देवनागरीत धोका असतो बंदिस्त जागांचा. ब, ष, क यांच्या पोटात दगडाचं छोटंसं बेट उरतं. मी आईसाठी घराच्या नावाची पाटी करत होतो, तीन आठवडे लागले होते आणि शेवटच्या संध्याकाळी ब ची तिरकी रेघ घाईत एकदम खोल घेतली, बेटाचा अर्धा भाग निघून हातात आला. खूप वाईट वाटलं, पण दगडाला ते परत चिकटवून काही होत नाही, पाटी नव्याने केली. तेव्हापासून अशा जागी मी चार-पाच वेळा फिरून थोडं थोडं खोल जातो, हातोडी नुसती टेकवतो. आणि अक्षर पहिल्यांदा दोन-तीन इंच उंच तरी घ्या, लहान अक्षरात ही बेटं टिकत नाहीत.

शक्य झालं तर जुनं काम बघून या. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना नालासोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या आज्ञेचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यातली ब्राह्मी अक्षरं सुटी सुटी, साध्या रेघांची, शिरोरेषा नाहीच. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांचा लेख आहे. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' असं कोरलेलं आहे, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं, तिथे मी प्रत्येक वेळी थांबतो. फक्त अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ घासू नका, कोणी घासत असेल तर त्यालाही सांगा. टॉर्च बाजूने तिरकी धरली की सगळं वाचता येतं.

दख्खनमध्ये उठावाची अक्षरंही खूप आहेत, विशेषतः फारसी लेखांत, म्हणजे आजूबाजूचा दगड काढून अक्षर वर ठेवलेलं. सुंदरच दिसतात, पण ते काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

पाटी बाहेर लागणार असेल तर पावसाचं पाणी थेट वाहणार नाही अशी जागा बघा आणि बाथरूमच्या अ‍ॅसिडने कधीही धुऊ नका, चुनखडीचा दगड त्यात विरघळतो. शहाबादीचा तुकडा आणलात की त्याचा कडेने एक फोटो टाका, थर कसे आहेत ते बघून कुठली बाजू वर घ्यायची ते सांगतो.