गावाच्या वर बांधलेलं पूर नियंत्रण धरण कायम रिकामंच दिसतं, मग त्याचा उपयोग काय आणि ते सुरक्षित असतं का?

हो, नीट देखभाल असेल तर सुरक्षित असतं, आणि रिकामं असणं हेच त्याचं काम आहे, कारण पुराचं पाणी साठवायला जागा मोकळीच लागते. अशा धरणाच्या तळाला कायम उघडी मोरी असते, रोजचा प्रवाह तिच्यातून निघून जातो पण पूर आला की मोरीला झेपेल तेवढंच पाणी खाली सुटतं आणि बाकीचं मागे थांबून हळूहळू ओसरतं. अमेरिकेत ओहायोमध्ये 1913 च्या महापुरानंतर अशी 5 कोरडी धरणं बांधली, 1922 मध्ये पूर्ण झाली आणि अजून काम करतायत. सरकारी यादीत 'हाय हझार्ड' लिहिलेलं बघून लोक फार घाबरतात, पण त्याचा अर्थ धरण कमकुवत आहे असा नाही, फुटलं तर खाली जीवितहानी होईल एवढाच. फक्त एक, डिझाइनपेक्षा मोठा पूर आला तर सांडव्यावरून पाणी खाली येणारच, त्यामुळे नदीपात्रात घरं बांधू नयेत. मातीच्या धरणात हे दिसलं तर लगेच कळवा:
- पायथ्याशी गढूळ पाणी झिरपणं
- भरावाला भेगा किंवा खड्डे
- मोरीत अडकलेला कचरा